एंगेज न लागणारा फोन

उत्साही : तू रोज ज्या आवाजाबद्दल कुरकुरतेस ना, त्या आवाजासाठी आमच्या वेळच्या माणसांनी नवस बोलले असते. माझी अख्खी नोकरी एक्स्चेंजात गेली. पाऊस लागला की आमच्या पोटात गोळा यायचा. जमिनीखालच्या केबलींमधल्या तारांना कागदाचं वेष्टन; एखाद्या जॉइंटात पाणी शिरलं की पेठच्या पेठ मुकी व्हायची. जे फोन चालू राहायचे त्यांत खरखर, नाहीतर मधेच तिसऱ्याच कुणाचा तरी संसार ऐकू यायचा. सोलापूरला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून ताटकळायचं आणि लाइन मिळाली की सगळ्या चाळीला कळेल अशा आवाजात ओरडायचं. देशातली पहिली एसटीडी १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यात सुरू झाली. ती गावोगावी पोचायला पुढची काही दशकं गेली. आणि आज तुमच्या हॉस्पिटलानं भिंतीवरची ईपीएबीएक्सची पेटी काढून भंगारात दिली, सगळी यंत्रणा क्लाउडवर नेली, अपॉइंटमेंट घेणारी मुलगी घरी बसून तोच नंबर उचलते. आवाजाचं म्हणशील तर आमची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून न्यायची. स, श, फ यांची धार बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून तर फोनवर नाव सांगताना 'साताऱ्याचा स' म्हणावं लागायचं. आज जी.७२२ किंवा ओपससारखा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करणारी पद्धत, ७००० हर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो. समोरचा माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो. यात रडण्यासारखं काय आहे, तेच मला उमगत नाही.

शंकेखोर : काका, तुम्ही सगळ्यात चांगल्या कॉलबद्दल बोलताय. मला पगार मिळतो तो सगळ्यात वाईट कॉलसाठी. आणि तो रुंद पट्टा आमच्या दारापर्यंतच बरं का. पेशंट मोबाइलवरून फोन करतो, त्याचा आवाज मोबाइल कंपनीकडून इंटरनेटच्या बाजूला येताना बहुतेक वेळा जी.७११ मध्ये उतरतो, म्हणजे १९७२ सालच्या मानकात. तिथं पुन्हा तुमचेच ३४०० हर्ट्झ. रुंद आवाजात बोलतात ते फक्त आमचे आमच्यातले लोक, रिसेप्शन आणि तिसरा मजला.

पण खरी अडचण ती नाहीच. तुमच्या वेळी बोलणं सुरू झालं की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाट राखून ठेवलेली असायची. आता एका सेकंदाच्या बोलण्याचे पन्नास तुकडे होतात, प्रत्येक वीस मिलिसेकंदांचा, आणि प्रत्येक तुकडा आपापला सुटतो. एखादा मागे राहिला तर पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो. तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. तुकडे सुटतात सारख्या अंतरानं, पोचतात कसेही. म्हणून ऐकणाऱ्या बाजूला त्यांना थोडा वेळ थोपवून, ओळीत लावून मग वाजवावं लागतं. त्या अनियमितपणाला आम्ही जिटर म्हणतो आणि या थोपवण्याला जिटर बफर. जास्त थांबवलं तर बोलण्याला उशीर, कमी थांबवलं तर उशिरा आलेले तुकडे फेकून द्यायचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते की एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्या दीडशेतून कोडेक घेतो, वाय-फाय घेतं, राउटर घेतो, बफर घेतो. काचेच्या तारेतून प्रकाश हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद लावतो, म्हणजे पुणे-मुंबई अंतर जमेतही धरायला नको. पण सर्व्हर सिंगापूरला असेल तर जाता वीसएक गेलेच, आणि तेही केबल सरळ रेषेत टाकली आहे असं मानून.

आता या सगळ्याचा हिशेब आमच्या महिन्याच्या अहवालात कसा येतो? 'पॅकेट लॉस सरासरी एक टक्का.' पॅकेट म्हणजे तेच तुकडे. पाच मिनिटांच्या कॉलमध्ये एक टक्का म्हणजे तीन सेकंद. ते तीन सेकंद वीस-वीस मिलिसेकंदांच्या दीडशे कपच्यांमध्ये विखुरले असतील तर कुणाला कळणारही नाही. तेच तीन सेकंद सलग गेले, आणि नेमके डॉक्टर गोळ्यांचं प्रमाण सांगत असताना गेले, तर? अहवालात दोन्ही कॉल सारखेच.

उत्साही : सरासरी फसवते हे मान्य. पण तू 'राखून ठेवलेली वाट' म्हणालीस, त्याची किंमत काय होती तेही ऐक. तुम्हा मुलांना वाटतं, आमची यंत्रणा सज्जन होती. ती सज्जन नव्हती, ती नकार द्यायची. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग नावाचा गणिती होता. त्यानं १९०९ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला आणि पुढं सूत्रं बसवून दिली : इतके लोक, इतका वेळ बोलणार, तर दोन एक्स्चेंजांमध्ये किती तारा टाकाव्यात. आम्ही त्याच सूत्रांवर जगलो. त्यात गृहीतच धरलेलं असतं की गर्दीच्या तासाला शंभरातल्या एखाद्याला लाइन मिळणार नाही. तो एखादा म्हणजे कागदावरचा. गणपतीत, दिवाळीत, पूर आला तेव्हा, किती जणांना 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' ऐकावं लागलं त्याची मोजदाद कुणी केली? ज्याला लाइन मिळाली त्याच्यासाठी आवाज स्वच्छ, कारण बाकीचे बाहेर उभे.

आरक्षित डबा आणि मुंबईची लोकल यांतला हा फरक आहे. आरक्षित डब्यात सगळे ऐसपैस बसतात, कारण ज्यांना जागा नाही ते फलाटावर राहतात. लोकल कुणालाच फलाटावर ठेवत नाही. सगळे आत, आणि सगळ्यांच्याच बरगड्या दुखतात. इंटरनेटनं लोकलचा मार्ग घेतला. मी म्हणतो, बरं केलं.

आणि तुझ्या बरगड्या दुखतात त्या बऱ्याचशा तुमच्याच इमारतीत. मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा पाहिलं. फोन वाय-फायवर. वाय-फाय म्हणजे एका खोलीत एका वेळी एकानंच बोलायचं, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीन, आणि तुमच्या मजल्यावर शेजारच्या दुकानांची धरून नेटवर्कं किती दिसत होती! कॅन्टीनचा मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात. टेबलावरच्या फोनला तार का नाही? आणि राउटरमधलं ते एसआयपी एएलजी चालूच होतं. मदत करतो म्हणून ते कॉलच्या संदेशातले पत्ते बदलतं आणि मग याचा आवाज त्याला, पण त्याचा याला नाही. ते बंद करायला दोन मिनिटं लागतात. क्लाउडला नावं ठेवण्याआधी स्वतःचा जिना झाडून घ्यावा.

शंकेखोर : झाडला. तारा ओढल्या, एएलजी बंद केलं, फोनसाठी व्हीलॅन, म्हणजे आतल्या आत वेगळं नेटवर्क, केलं. त्याहून मोठी गोष्ट तर तुम्ही सांगितलीच नाहीत, ती आम्हाला खूप उशिरा सापडली. रोज दुपारी ठराविक वेळेला आवाज तुटायचा. स्पीड टेस्ट लावली की आकडे झकास. इंटरनेट देणारी कंपनी तोच आकडा आमच्या तोंडावर फेकायची. शेवटी कळलं की त्या वेळेला रेडिओलॉजीचा संगणक एक्स-रे आणि स्कॅनच्या फाइली क्लाउडवर चढवतो. अपलोड तुंबतं. आणि राउटर काय करतो, तर एकही पॅकेट फेकू नये म्हणून सगळं रांगेत धरून ठेवतो. दहा एमबीपीएसच्या अपलोडपुढे एक मेगाबाइटची रांग साचली तर ती उपसायला आठशे मिलिसेकंद लागतात. आवाजाचं पॅकेट दोनशे बाइटचं. ते बिचारं त्या ढिगामागे उभं. दीडशेचा हिशेब तिथंच संपला. अभियंते जिम गेटिस यांनी २०११च्या सुमाराला या दुखण्याला बफरब्लोट हे नाव रूढ केलं, आणि त्यावर एफक्यू-कोडेलसारखा उपायही आहे : रांग आखूड ठेवायची, प्रत्येक प्रवाहाला पाळीपाळीनं सोडायचं. तो लावल्यावर दुपार सुधारली. म्हणजे वेग वाढवून नव्हे, रांग तोडून सुधारली. अजूनही लोक मला म्हणतात, आणखी मोठा प्लॅन घ्या.

पण काका, हे सगळं फाटकाच्या आत. आवाजाच्या प्रत्येक पॅकेटवर मी 'आधी सोडा' अशी खूण करते, ४६ क्रमांकाची, मानकाप्रमाणे. आमचा स्विच ती मानतो, आमचा राउटर मानतो. फाटकाबाहेर पडलं की ती खूण कुणी पुसून टाकतं, कुणी बघतही नाही. का मानावी? माझ्या पॅकेटला पुढे सोडून त्यांना काय मिळणार? आणि उद्या प्रत्येकानं आपल्या सिनेमावरही तीच खूण मारली तर? घरून काम करणाऱ्या आमच्या मुली तर फाटकाच्या आतही नाहीत. एकीचा भाऊ गेम खेळतो, दुसरीचा राउटर फ्रिजमागे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागानं कॉल सेंटरचे नियम सैल केले, घरून काम करणं सोपं झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण त्या दिवसापासून आमच्या टेलिफोन यंत्रणेचा एक तुकडा अशा घरांमध्ये आहे जिथं मी पाय ठेवू शकत नाही. तुमच्या वेळी केबल तुटली तर लाइनमन कुठल्या डीपीवर, म्हणजे खांबावरच्या जोडपेटीवर, चढायचं ते जाणत होता. आज कॉल तुटला तर हेडसेटपासून मोजायला लागा : वाय-फाय, राउटर, घरची इंटरनेट कंपनी, तिच्या आणि पुढच्या कंपनीच्या मधला सांधा, क्लाउड, तिथून टेलिकॉम कंपनी, तिथून मोबाइल कंपनी, टॉवर. प्रत्येकाकडे स्वतः निर्दोष असल्याचा आलेख तयार असतो.

उत्साही : पण आलेख तरी असतो! आमच्याकडे काय होतं? १९८ नंबर. माणूस त्यावर फोन करून सांगणार की माझा फोन बंद आहे, आणि तो फोन करायलाच शेजाऱ्याकडे जाणार. तुमच्याकडे प्रत्येक कॉल स्वतःची नाडी सांगत राहतो. आवाज ज्या आरटीपी नावाच्या पद्धतीनं जातो त्याच्या जोडीला १९९६ पासून आरटीसीपी आहे. दर काही सेकंदांनी दोन्ही टोकं एकमेकांना कळवतात : इतकी पॅकेटं गेली, इतकी हरवली, इतका जिटर. कुठल्या खोलीतल्या कुठल्या फोनवर मंगळवारी सव्वाअकराला काय झालं ते तू आज बसल्या जागी काढू शकतेस. प्रत्येक कॉलला एमओएस, म्हणजे आवाजाचे गुण, एक ते पाच. एवढी पारदर्शकता आमच्या चीफ इंजिनियरला स्वप्नातही दिसली नसती.

शंकेखोर : त्या एमओएसवरच माझा सगळ्यात जास्त राग आहे. मुळात ते काय होतं? माणसं खोलीत बसवायची, आवाज ऐकवायचा, प्रत्येकानं एक ते पाच गुण द्यायचे, सरासरी काढायची. माणसांचं मत. आमच्या डॅशबोर्डवर दिसतो तो आकडा कुणीही ऐकलेला नसतो. हरवलेली पॅकेटं, उशीर, जिटर, कोडेक यांवरून सूत्रानं काढलेला असतो. त्या सूत्राला ई-मॉडेल म्हणतात, ९३.२ पासून सुरुवात करायची, दोषांगणिक वजा करायचं आणि उरेल त्याचं पाचपैकी गुणांत रूपांतर करायचं. गंमत म्हणजे ते बनवलं होतं नेटवर्क बांधण्याआधी आराखडा करताना अंदाज यावा म्हणून. आज ते प्रत्यक्ष कॉलची प्रकृती म्हणून मिरवतं. मुलीच्या डोक्यावर पंखा गरगरतोय, हेडसेटचा माइक गालाला घासतोय, समोरचा म्हातारा तीनदा 'अं?' म्हणाला; डॅशबोर्ड म्हणतो ४.३, हिरवा. पॅकेटं सगळी वेळेवर पोचली ना! आत पंख्याचा आवाज होता की माणसाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खऱ्या आवाजाची तुलना करणारी पोल्कासारखी पद्धत आहे, पण तिला मूळ स्वच्छ आवाज हातात लागतो. चालू कॉलमध्ये तो कुठून आणणार?

 

आणि कराराचं बघा. 'सेवा ९९.९९ टक्के उपलब्ध.' वर्षाला बावन्न मिनिटं सूट. पण उपलब्ध म्हणजे काय, तर त्यांचा सर्व्हर उभा आहे. दोन माणसांना एकमेकांचं बोलणं कळलं का, याचा त्या करारात कुठेही उल्लेख नाही. तसा उल्लेख करा असा आग्रह धरला तर म्हणतात, मॅडम, मधलं इंटरनेट आमचं नाही. खरंच नसतं.

उत्साही : मधलं इंटरनेट कुणाचंच नाही, हे धरूनच चांगले लोक कामाला लागले आहेत. वाट भरवशाची करता येत नाही ना? मग आवाजच असा बांधा की वाट खराब असली तरी तगेल. ओपस २०१२ मध्ये मानक झालं; ते सेकंदाला सहा किलोबिटांपासून पाचशे दहापर्यंत, वाट जशी असेल तसं स्वतःला बारीक-जाड करतं. पुढच्या पॅकेटमध्ये मागच्याची पुसट नक्कल घालून पाठवतं, म्हणजे एक हरवलं तरी दुसऱ्यातून निघतं. मार्च २०२४ मध्ये त्याची १.५ आवृत्ती आली. तिच्यात मशीन लर्निंग आहे : मागच्या एका सेकंदापर्यंतच्या आवाजाचा अगदी थोडक्यात गोषवारा प्रत्येक पॅकेटसोबत जाऊ शकतो. तू मघाशी सलग गेलेल्या आवाजाची भीती घातलीस, त्यावरच हे औषध आहे. आणि गोषवाराही पोचला नाही तर यंत्र आधीच्या आवाजावरून अंदाज बांधून खाच बुजवतं. आमच्या तांब्यात जे गेलं ते गेलं. तुम्हाला हरवलेलं परत मिळतं!

शंकेखोर : परत मिळतं आणि बुजवलं जातं, या दोन गोष्टी तुम्ही एका दमात म्हणालात. गोषवाऱ्यातून आलेला आवाज निदान बोलणाऱ्यानं बोललेला असतो. खाच बुजवणारा आवाज कुणीच बोललेला नसतो. विचार करा, नर्स फोनवर विचारते, किती युनिट द्यायचे? उत्तर येतं पंधरा किंवा पन्नास. 'पं' पोचला, पुढचं अर्धवट. जुन्या लाइनवर तिथं खरखर झाली असती आणि नर्सनं पुन्हा विचारलं असतं. खरखर हीच सूचना होती की इथं काहीतरी गेलंय. बुजवलेल्या लाइनवर तिला गुळगुळीत काहीतरी ऐकू येतं आणि ती पुन्हा विचारत नाही. एमओएस वाढला, काका. ऐकणाऱ्याला बरं वाटलं. पण कळलं का? ऐकायला गोड आणि कळायला चूक, अशा कॉलसाठी कुठल्या डॅशबोर्डवर रंग आहे?

उशिराचंही तेच. तो तर ऐकूच येत नाही. तीनशे मिलिसेकंद उशीर झाला की समोरचा माणूस 'हो' म्हणायला कचरतोय असं वाटतं, किंवा दोघं एकदम बोलतात आणि तो उद्धट वाटतो. लाइन खराब आहे असं कुणी म्हणत नाही. बाई आगाऊ आहे असं म्हणतात. आमच्या एका मुलीविरुद्ध अशाच तक्रारी यायच्या. तिचे कॉल लांबच्या सर्व्हरवरून फिरून येत होते.

उत्साही : उशिराचं मला शिकवू नकोस. आर्वीचं उपग्रह केंद्र सुरू झालं, परदेशचे कॉल उपग्रहावरून जायला लागले, तेव्हा एक फेरी वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जायचा. भूस्थिर उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर, प्रकाशाला दुसरा इलाज नाही. रत्नागिरीची बाई आखातातल्या नवऱ्याशी बोलायची. ती बोलून थांबायची, मग तो. काही कॉलांनंतर दोघांना तेवढं थांबायची सवय लागायची. माणूस शिकतो. तुझ्या पेशंटला शिकायला वेळ मिळत नाही, कारण उशीर प्रत्येक कॉलला वेगळा, एवढा फरक मी मानतो.

पण बुजवण्याबद्दल तू टोकाला जातेस. लाइन कधीच संपूर्ण प्रामाणिक नव्हती. रिसीव्हरमध्ये तुझाच आवाज तुला थोडासा ऐकू यावा अशी मुद्दाम सोय असायची, नाहीतर फोन मेल्यासारखा वाटतो. डिजिटल आल्यावर कुणी बोलत नसताना खोटी सळसळ भरायला लागलो, म्हणजे माणसानं 'हॅलो, हॅलो' करू नये. कान आणि मेंदू तर रोज बुजवतात. रिक्षात बसून फोनवर बोलतेस तेव्हा निम्मे शब्द तू ओळखतेस, ऐकत नाहीस. आणि हे करणारे लोक बेफिकीर नाहीत. गूगलनं २०२० मध्ये ड्युओ या कॉलिंग ॲपात असा बुजवणारा भाग घातला तेव्हा त्याला १२० मिलिसेकंदांनंतर विरून जायला सांगितलं. अक्षर पुरं कर, वाक्य रचू नकोस, एवढीच मुभा.

शंकेखोर : मराठीत १२० मिलिसेकंदांत 'न' बसतो. 'नको'मधला.

उत्साही : बसतो. म्हणून काय करायचं, सगळं बुजवणं बंद? मग तुझ्या घरून काम करणाऱ्या मुलींचे निम्मे कॉल ऐकवणार नाहीत. पेशंट फोन ठेवून देतील, आणि मग पंधरा की पन्नास हा प्रश्नच उरणार नाही.

शंकेखोर : बंद नको. मला खाच दिसायला हवी. बुजवा, पण बारीक टिचकी वाजू दे, नाहीतर फोनच्या पडद्यावर खूण उमटू दे, म्हणजे नर्सला कळेल की हा आकडा पुन्हा विचारायचा. पुरवठादाराला विचारलं तर तो म्हणतो, असं कुणी मागत नाही, सगळ्यांना गुळगुळीत हवं असतं. असेल. सिनेमाची तिकिटं काढणाऱ्याला गुळगुळीत पुरेल.

आणि आता जे सांगते त्यावर तुम्ही भडकाल. गेल्या पावसाळ्यात रस्ता खोदताना आमची फायबर तुटली. यंत्रणा आपोआप ४जी राउटरवर आली. विक्रीच्या पत्रकात या गोष्टीला फार मान असतो. पण ४जीवर अपलोड कधी आठ एमबीपीएस, कधी दोन. जी.७११ चा एक कॉल सगळ्या वेष्टणांसकट ८७ किलोबिट खातो. दोन एमबीपीएसमध्ये मोजून बावीस-तेवीस बसतात, तेही बाकी काही चालू नसताना. त्या वेळेला कॉल होते तिसाच्या वर. नुसते वरचे सात-आठ बिघडले असते तर चाललं असतं. सगळेच्या सगळे बिघडले. एकालाही धड बोलता आलं नाही, आणि यंत्रणा एकत्रिसावा, बत्तिसावा आनंदानं आत घेत होती. तेव्हापासून मला तुमचा एंगेज टोन हवासा वाटतो. फायबर गेली की पंधरा कॉलची मर्यादा, सोळाव्याला एंगेज. पंधरा जणांचं काम तरी होईल.

उत्साही : म्हणजे मी ज्याच्या पायी आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तेच तू पुन्हा बसवणार! सोळावा कोण असेल, माहीत आहे तुला? तो रिपोर्ट विचारणारा असेल, किंवा बाप छातीत कळ येऊन पडलाय असं सांगणारा. नाकारलेल्या कॉलला एमओएस नसतो, मुली. तुझ्या अहवालात त्या दिवशी सगळं हिरवं दिसेल आणि सोळावा त्यात कुठेही नसेल. आमच्या अहवालात तेच व्हायचं. त्यापेक्षा कोडेक उतरव. जी.७२९ लाव, आठ किलोबिटांचा आवाज.

शंकेखोर : आठ किलोबिट नावाला. त्याच्या वीस मिलिसेकंदांत आवाज वीस बाइट आणि पत्त्यांचा बोजा चाळीस बाइट. पाठवलेल्यापैकी दोन तृतीयांश पाकीटच. तरी मान्य, दुपटीहून जास्त कॉल बसतील. पण त्या आवाजावर आकडे ऐकणं आणखी अवघड, आणि दोन एमबीपीएसचे एक झाले की पुन्हा तोच प्रसंग. कुठे ना कुठे 'आता पुरे' म्हणावंच लागतं. तुम्ही ते तारा मोजून म्हणत होता. आज कुणीच म्हणत नाही, म्हणून ते बोलणाऱ्यांच्या कानात जाऊन फुटतं. ज्यानं कॉल लागल्यावर काही ऐकू न आल्यानं फोन ठेवला, तो आमच्या नोंदीत 'उचललेला कॉल' आहे. तुमच्या सोळाव्यासारखाच तोही अदृश्य. फरक एवढाच की तुमच्या सोळाव्याला लगेच कळलं आणि त्यानं दुसरा नंबर फिरवला. माझा एकत्रिसावा अर्धं मिनिट 'हॅलो, हॅलो' करत राहिला.

उत्साही : अर्धं मिनिट. हं. त्याचं उत्तर माझ्याकडे लगेच नाही. पण आमच्याकडे नकार यंत्र एकटंच देत नव्हतं. ट्रंक बोर्डवर बाई बसलेली असायची. लायटनिंग कॉल असेल तर ती बाकीच्यांना बाजूला सारून वाट काढायची. त्याला दर भारी होता, पण कधी नुसता आवाज ऐकूनही तिला कळायचं की हा माणूस घाबरलाय. नियमात नसेल, पण ती करायची. तुझी मर्यादा माणसाचा आवाज ऐकण्याआधीच त्याला बाहेर काढणार. आणि तांब्याचं एक मात्र खरं : एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट तारेतूनच यायचे, गावात अंधार असला तरी फोन जिवंत. कॅज्युअल्टीसाठी अशी एक लाइन ठेवली असतीत...

शंकेखोर : अर्ज केला होता. आमच्या भागातली तांब्याची केबल काढून टाकली आहे म्हणतात, फायबरवरचा फोन देतो. म्हणजे तीच फायबर, त्याच रस्त्याखालची. आता एका वेगळ्या कंपनीचं सिम घालून कॅज्युअल्टीत साधा मोबाइल ठेवलाय, दोरीनं बांधून. पण फलकावर, फाइलींवर, पेशंटांच्या डोक्यात नंबर आहे तो मुख्य. सगळे त्यावरच येणार. म्हणून सुरुवातीलाच ध्वनिमुद्रित सूचना घातली : तातडीचं असेल तर एक दाबा. एक दाबणाऱ्यांची रांग वेगळी.

उत्साही : आणि सगळ्यांनीच एक दाबला तर?

शंकेखोर : दाबतातच. रिपोर्ट कधी मिळेल हे विचारणाराही दाबतो, त्याला त्याची तातडी असते. त्यामुळे पंधराची मर्यादा त्या रांगेलाही लावायची की नाही, यावर आम्ही अडलोय. प्रशासन म्हणतं, तातडीच्या माणसाला एंगेज कसा द्यायचा. मी म्हणते, चाळीस तातडीच्या माणसांना एकमेकांचं तुटकं बोलणं ऐकवायचं का. सेटिंगच्या पानावर 'कमाल कॉल' असा रकाना आहे. मुख्य रांगेचा मी भरला, तातडीचा सध्या रिकामा आहे. रिकामा ठेवला की यंत्रणा तो 'अमर्याद' धरते.